दोन खोल्या आणि एक पेला

माणसाच्या तोंडात काय चाललंय हे दातवाल्या मावशींना जितकं कळायचं, तितकं त्याच्या बायकोलाही कळत नसेल. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथे बसून मावशी कवळ्या बनवत. टेबलावर प्लास्टरचे साचे, मेणाचे तुकडे, गुलाबी पावडरीचे डबे, पॉलिशचं घरघरणारं चाक आणि खिडकीत रांगेने मांडलेले नाना लोकांचे हसरे जबडे. नव्या माणसाला ते पाहून जेवण जात नसे. मावशी मात्र त्या जबड्यांच्या शेजारीच डबा उघडून बसायच्या आणि वर त्यांनाच म्हणायच्या, "बघताय काय? तुमचं झालंय खाऊन."

कवळी तयार झाली की त्या गिऱ्हाइकाच्या दातांत रंगीत कागदाची पट्टी धरायला लावत. "चावा. पाहुण्यांकडे गेल्यासारखं नको, घरी चावता तसं चावा." जिथे रंग जास्त उमटेल तो दात उंच. तो घासायचा, पुन्हा पट्टी, पुन्हा घासायचं. गिऱ्हाईक वैतागून "चालेल हो मावशी" म्हणायला लागलं तरी या सोडायच्या नाहीत. एकदा एका तापट म्हाताऱ्याने रागाच्या भरात नवी कोरी कवळी काढून त्यांच्या हातावर आपटली आणि नको नको ते बोलला. मावशींनी ती नळाखाली धुतली आणि पुन्हा पहिल्यापासून साचा घेतला. शेजारची नर्स चिडली, तेव्हा म्हणाल्या, "अगं, त्याची हिरडी सुजलीय. एवढं दुखत असताना मीही काही गोड बोलले नसते." म्हातारा पुढे त्यांना बघून रस्त्यात टोपी काढायचा.

मावशींचं घराणं मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांतल्या एका पंथाचं. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेशिवाय आठवड्यातून एकदा वर्ग भरायचा. वर्ग म्हणजे शिकवणी नव्हे. दहा-बारा जणांनी गोल बसायचं, वर्गनायकाने एकेकाला विचारायचं, "या आठवड्यात जिवाचं कसं काय?" आणि ज्याला विचारलं त्याने खरं ते सांगायचं. नियम एकच, पण कडक: कोणाच्या साक्षीवर, म्हणजे अशा सांगण्यावर, कोणी उलट बोलायचं नाही. सल्ला नाही, टोमणा नाही, वाद तर नाहीच. मावशी या वर्गाच्या नायिका होत्या. त्यांच्यासमोर पंक्चर काढणाऱ्यापासून निवृत्त न्यायाधीशापर्यंत सगळे आपापल्या पोटातलं ओकून गेले होते आणि त्यातला एक शब्द मावशींच्या नवऱ्यालाही कधी कळला नाही. त्याने विचारून पाहिलं नव्हतं असं नाही.

आणि त्याच वर्गात मावशींनी स्वतः नियम मोडला. तोही सख्ख्या बहिणीच्या बाबतीत.

त्यांची थोरली बहीण म्हणजे मोठ्या बाई. जन्मभर शाळेत मुख्याध्यापिका. जीभ अशी की त्यांच्यापुढे शिपायापासून शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांची बोलती बंद. घरात सून होती, तिला तर त्या जिभेची रोजची शिकवणी. एके दिवशी प्रार्थना चालू असताना मोठ्या बाई रडल्या आणि उठून उभ्या राहिल्या. देवाने एका क्षणात आपल्या मनातला राग मुळासकट काढून टाकला आणि तिथे प्रीती भरली, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पुढच्या वर्गातही तेच सांगितलं, जरा विस्ताराने आणि मुख्याध्यापिकेच्या थाटात. मावशींना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "ताई, उपटलेलं पुन्हा उगवलं तर कळव हं आम्हाला."

सगळे खो खो हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्स उचलली आणि निघून गेल्या, त्या पुन्हा वर्गात आल्या नाहीत.

आता हा प्रश्न मेथडिस्टांना नवा नव्हता. माणसाच्या मनात देवावरच्या आणि शेजाऱ्यावरच्या प्रीतीखेरीज दुसरं काही उरू नये, याला ते पवित्रता म्हणतात. ती या जन्मात मिळू शकते यावरही त्यांचं एकमत. पण ती एका क्षणात मिळते की आयुष्यभर थोडी थोडी वाढत जाते, यावरून आजवर बरीच शाई आणि थुंकी उडाली आहे. मंडळीचे पाळकसाहेब बिचारे सांगून दमले की जुन्या लोकांनी दोन्ही सांगून ठेवलंय. कोणी ऐकेना. मोठ्या बाईंच्या मागे निम्मी मंडळी गेली, त्यांना 'क्षणवाले' नाव पडलं. उरलेले 'हळूहळूवाले'. पूर्ण प्रीतीवरून माणसं हमरीतुमरीवर आली, एकमेकांच्या दुखण्याला जाईनात. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या कवळ्या मावशींच्या हातच्या होत्या. म्हणजे दोन्ही पक्ष एकाच बाईच्या दातांनी एकमेकांना चावत होते.

मावशी हळूहळूवाल्या. दात घासून घासून बसवणारी बाई दुसरं काय मानणार? मत त्यांचं पक्कं होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. लपवलं ते वेगळंच. तो टोमणा त्यांच्याच जिव्हारी लागून राहिला होता. लहानपणी आई आजारी असायची, तेव्हा याच ताईने त्यांची वेणी घातली होती, शाळेत नेलं होतं, मार खाण्यापासून वाचवलं होतं. आता ती समोरून आली तर फक्त "बरी आहेस ना?" एवढं विचारून पुढे जात होती. मावशींनी दोनदा फोन उचलला आणि ठेवून दिला. माफी मागितली तर आपल्या बाजूची माणसं काय म्हणतील, हा विचार आड यायचा. इतक्या सरळ बाईच्या मनातही तो येत होता, म्हणून मी सांगतोय.

शेवटी ठरलं. येत्या प्रेमभोजनानंतर क्षणवाले वेगळे होणार, दुसऱ्या रस्त्यावरच्या हॉलमध्ये स्वतःची उपासना सुरू करणार. पाळकांनी हात जोडून पाहिले, उपयोग झाला नाही. शेवटचं प्रेमभोजन तरी एकत्र करा म्हटलं, तर तेही नाही. दोन्ही पक्षांना वेळ तीच हवी, इमारतही तीच हवी. मग हळूहळूवाले मोठ्या दालनात, क्षणवाले रविवारच्या शाळेच्या खोलीत आणि मध्ये पॅसेज, अशी वाटणी झाली.

प्रेमभोजन म्हणजे प्रभुभोजनाचा, पाव-द्राक्षारसाचा विधी नव्हे. साधा पाव आणि पाणी. पाण्याचा एक मोठा, दोन कानांचा पेला हातोहात फिरतो. ज्याच्या हातात पेला, त्याने घोट घ्यायचा आणि देवाने आपल्याशी काय केलं ते सांगायचं. पेला पुढे जाईपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. अडचण अशी की मंडळीचा पेला एकच होता आणि दुसरा वापरायला कोणीच तयार नव्हतं. तो सांभाळणं वर्गनायिकेचं काम. पाळकसाहेब मावशींच्या खोलीत आले, जबड्यांकडे न बघता स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मावशी, तुम्हीच फिरवा दोन्हीकडे. दुसऱ्या कोणाच्या हातून ते घेणार नाहीत."

"माझ्या हातून ताई घेईल?"

"ते मला माहीत नाही," पाळक म्हणाले. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती.

रविवारी मावशी पेला घेऊन ये-जा करू लागल्या. दालनात एकाची साक्ष झाली की पॅसेज ओलांडून खोलीत, तिथली झाली की परत दालनात. पेला एकीकडे असला की दुसरीकडची माणसं कोरडा पाव चघळत बसत. साक्षी कसल्या? दालनातला एक जण "देवाने मला धीर दिला, घाई दिली नाही" असं म्हणाला, ते पलीकडच्या खोलीत ऐकू जावं इतक्या जोरात. खोलीतला एक जण "ज्यांना मिळालं नाही त्यांनी निदान मिळालेल्यांना हसू नये" असं दाराकडे तोंड करून म्हणाला. खोलीच्या टोकाला ताई बसली होती. तिने अजून पेला घेतला नव्हता आणि मावशींकडे पाहिलंही नव्हतं.

पुढच्या फेरीला पॅसेजच्या मध्यावर मावशींचे पाय थांबले. दोन्ही दारं उघडी होती. तिथे छत्र्या ठेवायचं एक लांब बाकडं होतं, त्याला टेकून त्या उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "पेला माझ्या हातात आहे. साक्ष माझी आहे."

दोन्हीकडे कुजबुज थांबली. नियम म्हणजे नियम. आणि आपण आधी नियम मोडला असं दुसऱ्या पक्षाला म्हणता येईल, ही दोन्हीकडे धास्ती. कोणी जागचं हललं नाही.

मावशींनी घोट घेतला. "माझं मत सगळ्यांना माहीत आहे, ते बदललेलं नाही. आज सांगायचंय ते वेगळं. ताई त्या दिवसापासून बदलली. तिची सून दवाखान्यात दाढ दाखवायला आली होती, तिने मला सांगितलं, 'सासूबाई आता आधी माझं ऐकून घेतात.' मी ते ऐकलं आणि गिळून टाकलं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आपली बाजू पडली असती." त्यांनी खोलीच्या दाराकडे तोंड केलं. "देवाने माझ्या सख्ख्या बहिणीचं भलं केलं आणि मला त्याचा आनंद झाला नाही, देवा! मी वर्गात तिला हसले. सगळ्यांना हसवलं. ताई, मला माफ कर. कसली हळूहळू वाढतेय माझी प्रीती? तुझ्या बाबतीत तर ती इंचभर वाढली नाही."

एवढं बोलून झालं. पेला मांडीवर धरून त्या छत्र्यांच्या बाकड्यावर बसल्या. दालनात कोणीतरी नाक ओढलं. पेला अजून त्यांच्याच हातात, त्यामुळे कोणालाच काही बोलता येईना.

मग खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मोठ्या बाई पॅसेजमध्ये आल्या. शाळेच्या तपासणीला निघाल्यासारख्या ताठ. त्यांनी बहिणीच्या मांडीवरून पेला उचलला, घोट घेतला आणि दोन्ही दारांकडे पाहिलं.

"माझंही मत बदललेलं नाही," त्या म्हणाल्या. "तो क्षण खरा होता. कोणी हसलं तरी खरा आणि कोणी टाळ्या वाजवल्या तरी खरा. पण या आठवड्यात मी सुनेवर ओरडले. ताटली आपटली. ती पोर भिंतीला चिकटून उभी राहिली, अगदी पूर्वीसारखी." त्यांच्या बाजूच्या लोकांनी माना खाली घातल्या. "हे मी माझ्या माणसांना सांगितलं नाही. त्यांनी माझ्यावर एवढी मोठी इमारत उभी केलीय, ती कोसळेल म्हणून. आणि त्या दालनातल्यांना सांगितलं नाही, कारण ते खूश होतील म्हणून. सांगायला माणूसच उरलं नव्हतं मला. असलं सगळं मी जन्मभर हिलाच तर सांगत आले."

मावशींनी तोंड उघडलं. कितीतरी शब्द एकदम ओठांवर आले. मग त्यांना आठवलं की पेला ताईच्या हातात आहे, आणि त्यांनी दात घट्ट मिटून घेतले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

मोठ्या बाईंनी पेला दालनाच्या दारात उभ्या असलेल्या पंक्चरवाल्याच्या हातात दिला. तो हळूहळूवाला होता. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि गोंधळून पाळकांकडे पाहिलं, कारण आता साक्ष कोणत्या खोलीत द्यायची हे त्याला समजेना. पाळकसाहेबांनी दालनातली एक खुर्ची उचलून पॅसेजमध्ये आणून ठेवली. मग खोलीतली कोणी आणली. मग खुर्च्यांचा असा खडखडाट सुरू झाला की बिचाऱ्या पंक्चरवाल्याची साक्ष निम्म्या लोकांना ऐकूच आली नाही.

मोठ्या बाई अजून उभ्याच होत्या. परत खोलीत जाऊन आपल्या जागेवर बसणं त्यांच्याच्याने होईना आणि पॅसेजमध्ये खुर्ची उरली नव्हती. त्यांनी बाकड्यावरच्या ओल्या छत्र्या उचलून खाली टाकल्या.

"सरक जरा," त्या म्हणाल्या.