कबुतरखान्याच्या खिंडीतली पैज

माझ्या सासऱ्यांचा दोनच गोष्टींवर पूर्ण विश्वास आहे. एक दिलेला शब्द आणि दुसरी त्यांची सायकल. पुण्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी पस्तीस वर्षं नोकरी केली, ती सगळी सायकलवरून ये-जा करत. निवृत्तीनंतर भाजी, बँक, वाचनालय, सगळं सायकलवरच. मग एका सकाळी चौकात एका रिक्षाने त्यांना हूल दिली, ते पडले, खांद्याजवळचं हाड मोडलं, आणि आम्हाला जर्मनीत लुडविग्सहाफेनला हे तिसऱ्या दिवशी कळलं. तेही शेजाऱ्यांकडून. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुम्ही तिथून काय करणार होतात?" बायको फोन ठेवून बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली. सायकल घालवायची, हे तिने त्या दिवशीच ठरवलं.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. हाड जुळलं होतं, डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली होती, मुलीने दिली नव्हती. पहिल्याच आठवड्यात नाश्त्याच्या टेबलावर मी माझ्या रविवारच्या रूटची बढाई मारत होतो. मी तेव्हा नवा सायकलवाला होतो, म्हणजे बढाई ठासून भरलेली. कार्बनची रेसिंग सायकल, अंगाला चिकटलेले कपडे, हँडलवर एक छोटा संगणक. वोर्थपर्यंत रेल्वे, तिथून राईनकाठच्या पाणथळीतून फ्रान्समध्ये, मग लाउटर नदीच्या कडेने विसेंबूर गाव आणि शेवटी डोंगरातली एक खिंड. खिंडीच्या फ्रेंच नावाचा अर्थ कबुतरखाना. "न उतरता चढायला जरा दम लागतो," मी सहज बोलून गेलो.

"मी न उतरता चढलो तर?" बाबांनी विचारलं.

बायकोने चहाचा कप खाली ठेवला. "तर सायकल तुमची. उतरलात तर मात्र विकायची. कबूल?"

बाबांनी शर्टाच्या खिशातून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली. सायकल पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि कुलपाची किल्ली जर्मनीत, खिशात. बायकोने ती आमच्या केलरच्या, म्हणजे तळघराच्या, किल्लीशेजारी खिळ्याला अडकवली. पंच म्हणून एकमताने माझी निवड झाली. एका पक्षाचा नवरा आणि दुसऱ्या पक्षाचा जावई, याहून निःपक्षपाती माणूस कुठे मिळणार?

बाबांसाठी भाड्याने एक साधी ट्रेकिंगराड, म्हणजे लांब फिरायची सायकल, घेतली. दुकानदाराने बॅटरीवाली पुढे केली. त्याला बाबांनी मराठीत नकार दिला आणि तो त्याला नीट समजला. गिअरवर त्यांचा विश्वास नव्हता. "इतके दाते कशाला?" असं म्हणत त्यांनी साखळी सरकवणाऱ्या डिरेलरकडे संशयाने पाहिलं, मग खाली वाकून त्याचा एक स्क्रू अर्धा फेरा पिळला. गिअर लोण्यासारखे पडायला लागले.

पहिला रविवार. राईन नदी सरळ केली तेव्हा तिची जुनी वळणं तशीच मागे राहिली. त्यांना इथे आल्टराइन म्हणतात. दोन्हीकडे उंच लव्हाळी, काळं संथ पाणी, त्यात अर्धवट बुडालेली वाळुंजाची झाडं आणि बगळे. बंधाऱ्यावरचा रस्ता असा सपाट की पायांना सुट्टीच. फक्त थांबायचं नाही, कारण थांबलं की डास. मी थांबलो, फोटोसाठी. बाबा थांबले नाहीत. माझ्या मांड्यांवर आठ गांध्या उठल्या. बाबा सुती पँटला क्लिप लावून आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आले होते. मी सकाळी त्या पोशाखाला मनातल्या मनात हसलो होतो.

सीमेवर काहीच नव्हतं. फोनने फ्रान्समध्ये स्वागत केलं, एवढंच. बाबांना ते पटेना. "म्हणजे आपण आलो? कोणी विचारलं नाही?" त्यांनी खिशातला पासपोर्ट एकदा चाचपला आणि त्यांचा थोडा हिरमोड झाला. लाउटरच्या कडेने जंगलातून गारव्यात आम्ही विसेंबूरला पोचलो. बाबा लिंबू-मीठ-साखरेचं सरबत प्यायले, मी पाकिटातलं कसलंसं महागडं जेल चोखलं. मग चढ सुरू झाला.

माझी योजना साधी होती. आपण आधी वर पोचायचं, ऐटीत उभं राहायचं आणि बाबा उतरतात की नाही ते पाहायचं. खरं सांगायचं तर मला कळत नव्हतं की मला काय हवंय. ते उतरले तर बायकोला रात्री झोप येईल. नाही उतरले तर पुण्यात सकाळी सायकल घेऊन बाहेर पडताना बाबा पुन्हा बाबांसारखे दिसतील. तीन वळणं मी याच विचारात पुढे होतो. चौथ्या वळणावर बाबा मला ओलांडून गेले. बसून, एका लयीत, टूलरूममध्ये कानस चालवावी तसे. मला ते सहन झालं नाही. मी उभं राहून जोर लावला आणि डाव्या पोटरीत गोळा आला.

असा गोळा आला की सायकलसकट रस्त्याकडेला आडवा झालो. बाबा बरेच पुढे गेले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी मागे पाहिलं, आणि एका क्षणाचाही विचार न करता उतरले. सायकल झाडाला टेकवली, पळत खाली आले, माझा बूट काढला आणि पाऊल हातात घेऊन अंगठा मागे ओढायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो बाबा, पायाला कशाला हात लावता?"

"लग्नात धुतलेत हेच पाय. आता लाजताय कशाला, जावईबापू? सरळ करा."

गोळा गेला. मग दोघांच्याही लक्षात आलं. बाबांनी वर झाडाला टेकवलेल्या सायकलीकडे पाहिलं आणि माझा बूट पुन्हा पायात चढवला. उरलेला चढ आम्ही सायकली हातात धरून चढलो. वर पोचलो तेव्हा झाडांच्या फटीतून राईनचं सगळं खोरं निळसर दिसत होतं. बाबा म्हणाले, "छान आहे." एवढंच.

घरी दार उघडल्या उघडल्या त्यांनी मुलीला सांगितलं, "मी उतरलो. हरलो." का उतरले ते सांगितलं नाही. ते मी सांगितलं, पोटरी चोळत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बायको ऐकत राहिली आणि मग खिळ्याकडे गेली.

"बाबा, हे धरायचं नाही. घ्या किल्ली."

"शब्द होता न उतरण्याचा. कशासाठी उतरलो, याचा नव्हता. असू दे तिथेच." आणि ते हातपाय धुवायला गेले.

त्या आठवड्यात बाबा फार शहाण्यासारखे वागले. वेळेवर जेवले, वेळेवर फिरायला गेले, चालत. संध्याकाळी खिडकीत उभे राहून खालून जाणाऱ्या सायकली पाहत. बायको ते बघायची आणि माझ्यावर चिडायची. शुक्रवारी तिनेच विषय काढला. "बाबा, पैज पुन्हा लावू. शेवटची." मान्य करणं शब्दात बसतं का ते बाबांनी तपासून पाहिलं असावं, मग हो म्हणाले.

रविवारी सकाळी निघताना तिने माझ्या जर्सीच्या मागच्या खिशात किल्ली टाकली. "वर पोचले तर दे."

"आणि नाही पोचले तर?"

"तर त्यांना नीट घरी घेऊन ये." तिचे डोळे भरले होते. "मला सायकल नकोशी नाही रे. मला तो फोन नकोसा आहे."

ह्या वेळी मी फोटो काढले नाहीत. सरबत प्यायलो, जेल घरीच ठेवलं होतं. पण चढाला लागल्यावर एकच धास्ती बसली, की बाबांना माझ्यामुळे पुन्हा उतरायला नको. म्हणून मी अति केलं. त्यांच्या पुढे राहायचं म्हणून सुरुवातीपासून दामटली. आणि चौथ्या वळणावर, जवळपास त्याच दगडापाशी, तीच पोटरी.

"उतरू नका," मी आडव्यानेच ओरडलो. "पंच म्हणून सांगतोय. तुम्ही जा."

बाबा तेव्हा मागे होते. ते आले, माझ्याकडे पाहिलं, वरच्या रस्त्याकडे पाहिलं. जावयाला रस्त्यात टाकून पुढे जाणं त्यांना जमणार नव्हतं, आणि उतरणंही शक्य नव्हतं. मी पडलो होतो तिथेच, वळणावर, डोंगर चढायला येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी थोडी सपाट मोकळी जागा होती. बाबांनी सायकल तिकडे वळवली आणि माझ्याभोवती गोल गोल फिरायला लागले.

"पाय लांब करा," ते पहिल्या फेरीत म्हणाले. दुसऱ्या फेरीत, "बूट काढा." तिसऱ्या फेरीत, "अंगठा धरा. अंगठा. स्वतःकडे ओढा. घाई नाही." बॅटरीच्या सायकलींवरून एक म्हातारं जोडपं वर चाललं होतं. ते थबकले, जमिनीवर पडलेला चकचकीत कपड्यातला माणूस आणि त्याला प्रदक्षिणा घालणारे वयस्कर गृहस्थ बघून त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, मदत हवी का. मी नको म्हणालो. बाबांनी फिरता फिरताच त्यांना नमस्कार केला, आणि सायकल किंचित डगमगली तेव्हा माझा जीव पोटरीतून घशात आला. मी फेऱ्या मोजल्या. सतरा झाल्या.

गोळा सुटला. मी सायकलवर बसलो आणि म्हणालो, "आता तुम्ही पुढे व्हा. मी येतो हळूहळू." त्यांनी माझी पोटरी एकदा नजरेने तपासली आणि गेले. पुढच्या वळणावर ते दिसेनासे झाले. मी मागून रखडत, धापा टाकत, कुठेही न उतरता कसाबसा वर आलो.

खिंडीत नावाची पाटी आहे. बाबा एका हाताने तिचा खांब धरून सायकलवर बसून होते. दोन्ही पाय पेडलवर. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. किती वेळ तसे बसले होते कोण जाणे. मी समोर येऊन थांबेपर्यंत त्यांनी पाय जमिनीला लावला नव्हता.

"पंच," ते म्हणाले, "आता उतरू का?"

मी किल्ली काढून पुढे धरली.