केसभर

अमरावतीच्या आमच्या रायफल क्लबात नेम धरणारे चार आणि सल्ला देणारे चाळीस. मी दुसऱ्या गटातला. इंजिनिअरिंग कॉलेजात मोजमाप शिकवायचो, म्हणून बंदुकीचं काही अडलं की सेक्रेटरी मलाच फोन करायचे आणि मी खिशात बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर टाकून ऐटीत हजर व्हायचो. मला बंदुकीतलं काडीचंही कळत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी क्लबानं वेगळ्याच कंपनीची काडतुसं आणली आणि रायफल रुसली. गोळी सुटायची, पण रिकामी पुंगळी आतच राहायची. काडतूस आत ढकलणारा जो सरकता दांडा, त्या बोल्टच्या तोंडाशी एक लहानसा आकडा असतो. तो पुंगळीच्या बुडाची कड पकडून तिला बाहेर ओढतो, म्हणून त्याला सगळे नख म्हणतात. ते नख कडेवर चढतच नव्हतं. मी नवी-जुनी काडतुसं मोजली. नव्यांची कड किंचित जाड निघाली. या सगळ्या प्रकरणात मी बरोबर केलेलं काम ते एवढंच.

ते नख परतवाड्याच्या चाचांनी बसवलं होतं. चाचा सत्तरीतले, बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेले कारागीर. रानडुकरं हाकलायला शेतकरी ज्या बंदुका ठेवतात, त्या चांदूर बाजारापासून त्यांच्याकडंच यायच्या. मी फोनवर मापं सांगितली. ते म्हणाले, "सर, बंदूक इकडं पाठवून द्या. अन् लईच घाई असंन तर नख आतून केसभर घासा. केसभरच."

आता शिकलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं पाहा. काडतुसाच्या पितळी कवचाला इंग्रजीत केस म्हणतात. म्हातारा इतकं तांत्रिक बोलला याचं मला कौतुकच वाटलं. केसभर, म्हणजे केस मावेल इतकं! मी कानस घेतली आणि पुंगळी नखाखाली आरामात सरकेपर्यंत घासत राहिलो. शेजारी सेक्रेटरी जाणकारासारखी मान डोलावत होते. नख कडेवर चढू लागलं खरं, पण धरेना. आधी निदान जुन्या काडतुसांच्या पुंगळ्या निघायच्या, आता त्याही अडकल्या.

"कारागिरीच सदोष," मी निदान केलं. सेक्रेटरींनी ते लेखी मागितलं, मी सहीनिशी दिलं. मीटिंगमध्ये ते मोठ्यानं वाचलं गेलं. क्लबातले अर्धे लोक बंदूकवाले शेतकरी, त्यामुळं इंजिनिअरनं लिहून दिलंय ही बातमी परतवाड्यात माझ्याआधी पोचली.

मी गेलो तो चाचांकडून चूक कबूल करून घ्यायला. सेक्रेटरींना ऊन सोसत नाही, ते गाडीत बसले. मी एकटाच बोल्ट घेऊन आत गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चाचांनी भिंगातून नख पाहिलं.

"हे कोनं घासलं?"

"मीच. तुम्ही केसभर म्हणालात ना?" मी पुंगळी दाखवली. "ही केस."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांनी दाढीतला एक पांढरा केस उपटला आणि माझ्या व्हर्नियरवर ठेवला.

"हा केस, सर. याले केस म्हंतात."

इतकी वर्षं पोरांना मोजमाप शिकवलं, पण असा धडा मला कुणी दिला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटलं चाचा हसतील. ते हसले नाहीत.

"तुमच्या चिठ्ठीनं मानसं येनं बंद झाले. मीटिंगमदी तेवढं सांगून द्या, चूक कोनाची होती ते. मले दुसरं काई नोको."

मी हो म्हणालो. त्यांनी तिथंच बसून नवं नख घडवलं. दुसऱ्या दिवशी क्लबात पुंगळ्या टणाटण उडून बाहेर पडल्या.

पुढच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी माझे आभार मानले आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. चाचांचे शब्द तोंडाशी आले होते. समोर चाळीस सल्लागार बसले होते, सगळे माझ्याकडं आदरानं पाहत होते.

"थोडा तांत्रिक बिघाड होता," मी म्हणालो, "तो दूर झाला."

टाळ्या पडल्या. बंदूकवाले आता दुरुस्तीला अकोल्याला जातात. चाचांचं दुकान बंद आहे. त्यांनी घडवलेलं नख आमच्या रायफलीत अजून आहे, एकदाही अडकलेलं नाही.