पाठकोऱ्या कागदाचा भाव

रद्दीवाल्या बबनने मला फसवलं आणि मी लोखंडेबाईंना. कुणाचं पाप मोठं, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

शिर्डीत माझं लॉज आहे. बसस्टँडवर गिऱ्हाईक ओढण्यापासून सुरुवात केली, त्यामुळे घासाघीस अंगात भिनलेली. चेक-इनला आम्ही प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स घेतो आणि कोपऱ्यात लाल पेनने खोली नंबर लिहितो. वर्षभरात पोती भरतात.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी ती पोती काढली. रिसेप्शनच्या साळवे मॅडम म्हणाल्या, "शेठ, फाडून देऊ. नाहीतर श्रेडर घ्या. कागदाच्या शेवया करतो."

"शेवया करायला हे काय स्वयंपाकघर आहे?" मी ओरडलो.

खरं कारण वेगळं होतं. फाटका कागद लगद्याला जातो, त्याला भाव कमी. अख्खा पाठकोरा, म्हणजे मागून कोरा कागद, पिशव्यांना चालतो. त्याला भाव जास्त.

"छापील बाजू आत चिकटवनार, शेठ," बबन म्हणाला. "कुनाला दिसनार न्हाई."

मी तासभर भाव ताणला. कागद खरंच कुठे जातात, हे मात्र बघायला गेलो नाही.

फेब्रुवारीत लोखंडेबाई आल्या. खर्डा गावच्या निवृत्त शिक्षिका, दरवर्षी आमच्याकडेच उतरायच्या. या वेळी हातात बॅग नव्हती, एक कागद होता.

"हा तुमच्याकडचाच ना?"

त्यांच्या आधारची झेरॉक्स. कोपऱ्यात लाल २०४. त्यावर कुणीतरी बाईंच्या नावाने सिमकार्ड घेतलं होतं आणि त्या नंबरवरून लोकांना गंडवलं होतं. शिर्डी पोलिसांनी बाईंना बोलावलं होतं आणि अर्जाला जोडलेल्या कागदाची ही रंगीत प्रत दिली होती.

"तीस वर्षं पोरांना सांगितलं, खरं बोला," बाई म्हणाल्या. "परवा ठाण्यात मला म्हणाले, बाई, खरं बोला."

आणि मी काय केलं? त्यांच्यावरच चढलो. "बाई, तुम्ही दहा ठिकाणी झेरॉक्स देता, आमच्यावर कशाला ढकलता?"

साळवे मॅडमनी कागद हातात घेतला. "शेठ, अक्षर माझं आहे."

मग मी बबनला गाठला. त्याने अख्खा गठ्ठाच एका मोबाईलवाल्याला विकला होता. मी कॉलर धरली, तर म्हणतो, "फाडायचे हुते ना मग! अख्खे तुमीच इकले, जादा भावानं."

कॉलर सोडली. बाईंबरोबर ठाण्यात गेलो, सगळं लिहून दिलं. खर्ड्याहून चार खेपा घातल्यावर त्यांचं नाव प्रकरणातून निघालं. या वर्षी त्या दर्शनाला आल्या, पण दुसऱ्या लॉजवर उतरल्या. तिथेही झेरॉक्स द्यावीच लागली असणार. देताना त्यांच्या मनात काय आलं असेल, हे मला अजून टोचतं.

श्रेडर आता रिसेप्शनमागे आहे. ज्या कागदाला भाव चांगला येतो तो आधी फाडावा, एवढं मी शिकलो.

माझी चूक मी सहीनिशी कबूल केली. बबनचाही जबाब झाला. पण त्या सिमच्या अर्जावर आधार लोखंडेबाईंचं होतं आणि फोटो भलत्याच बाईचा. ते बघूनही कार्ड चालू करून देणारा मोबाईलवाला आजही दुकानात बसून कार्डं विकतोय. पोलीस साहेब, म्हाताऱ्या बाईला एवढ्या लांबून चार वेळा बोलावलंत. त्याचं दुकान ठाण्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. त्याला एकदा बोलवा.