ठाऊक झालं की कळवा

आमच्या घरी कोणाला काय वाटतं हे आई ठरवत असे. कार्तिकात पहाटे गंगेवर स्नानाला गेलो की माझे दात वाजत. आई म्हणे, "गंगेचं पाणी गार नसतं." मग मला ते गार वाटेनासं होई, दात मात्र वाजत राहत. चांगली मोठी झाल्यावरही मी तिला विचारत असे, "आई, मला भूक लागलीय का?"

सतराव्या वर्षी मला पाहायला देवळाली कॅम्पातले एक कारकून आले. वडीलधाऱ्यांचं बोलणं जमलं, पानसुपारी झाली. उठता उठता त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला पसंत आहे का?"

मुलीला असं विचारायची पद्धत नव्हती. मी आईकडे पाहिलं.

"त्यांना नाही विचारलं," ते म्हणाले.

"ठाऊक नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"मग ठाऊक झालं की कळवा." त्यांनी चपला घातल्या आणि गेले. वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

आपल्याला काय वाटतं हे शोधायची मला सवय नव्हती. म्हणून मी कारल्यापासून सुरुवात केली. नीट चावून पाहिलं आणि म्हणाले, "मला कारलं आवडत नाही."

"लहानपणापासून खातेस की!" आई म्हणाली.

"खाते. आवडत नाही."

वडिलांचा घास हातातच राहिला.

पुढे देवळालीचं नाव निघालं की माझ्या पोटात काहीतरी हलायला लागलं. आईने अपचन ठरवून ओवा दिला. मी तो मुकाट्याने चावला. पोटातलं तरीही हलतच राहिलं. मग मी वडिलांसमोर जाऊन उभी राहिले.

"देवळालीला कळवा."

"काय म्हणून?"

"हो म्हणून."

पाठवणीच्या वेळी आई धाय मोकलून रडली. बायका मला कोपराने ढोसत होत्या, "अगं, रड की." मला रडू येत नव्हतं. मी टांग्यात बसले.

रडू आलं ते देवळालीत, एका दुपारी, मेथी निवडताना. ह्यांनी विचारलं, "काय झालं?"

मी जरा थांबून पाहिलं. मग म्हणाले, "आईची आठवण येतेय."

ह्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि समोर बसून उरलेली मेथी निवडली. वाईटच निवडली.