तीन नंबरच्या कॉम्प्युटरवरची खूण

कळमनुरीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी नेट कॅफे काढला, तेव्हा यजमान म्हणाले होते, "चार महिन्यांत शटर ओढशील." मी तो सहा वर्षं चालवला, आणि हे त्यांना मी आजही ऐकवते. चार कॉम्प्युटर, मधे प्लायवूडचे आडोसे, एक प्रिंटर आणि टेलिफोनच्या लाइनवर रांगत चालणारं इंटरनेट, एवढाच पसारा होता. वीज असली की गिऱ्हाईक आणि नसली की मी दळण निवडत बसायची.

एका गोष्टीचा मला भारी तोरा होता. माझ्याकडे कोणी कोणाच्या स्क्रीनमध्ये डोकवायचं नाही. मान जरा वाकडी झाली की मी भर दुकानात ओरडत असे. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि माझ्या कॅफेत सगळ्यांच्या मुठी झाकलेल्या, असं मी सांगत फिरायची. त्यामुळे बायका-मुली माझ्याकडे बिनघोर येत.

त्यांतलीच एक जवळच्या खेड्यातली, मेंढ्या राखणाऱ्या घरातली सून. नवरा साप चावून गेलेला, पदरात पाच वर्षांची मुलगी. बारावी झालेली होती, गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. दर बाजारच्या दिवशी यायची आणि पिशवी पायाशी ठेवून तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसायची, कारण तो अगदी कोपऱ्यात होता. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तिनं मला जवळ बोलावलं.

"ताई, मला दुसरं लग्न करायचं हाय. पन पोरगी संगं घेनारा मानूस पाहिजे."

"सासरी चालेल?"

"लग्नाला कोनी न्हाई म्हननार न्हाई, आमच्यात विधवेचा पाट लागतो. पोरगी मातर सोडत न्हाईत. म्हनून आधी पोरीचं मामंजींकडून कबूल करून घेते, मंग लग्नाचं काढते. तवर कोनाला कळू देऊ नका."

"माझ्याकडून कळायचं नाही," मी छातीठोकपणे म्हणाले.

लग्नं जुळवणाऱ्या एका साइटवर मी तिचं नाव घातलं, पासपोर्ट साइजचा फोटो स्कॅन करून लावला. ती एकेक अक्षर शोधून पासवर्ड टाकायची, चुकायची, पुन्हा टाकायची. त्यातच तिची पंधरा मिनिटं जायची. मला दया आली. 'मला लक्षात ठेवा' असा एक चौकोन असायचा, त्यात मी बरोबरची खूण करून टाकली. पुढच्या बाजारी साइट उघडली ती थेट तिचं नाव घेऊनच. ती हसली. मलाही फार शहाणी असल्यासारखं वाटलं.

मग बारावीचा निकाल लागला. त्या दिवशी माझ्याकडे जत्रा असायची. गर्दीत एक म्हातारे बाबा हातात चिठ्ठी घेऊन उभे होते. धाकटा मुलगा मेंढ्या घेऊन दूर चराईला गेला होता आणि त्याचा निकाल बघायला बाप आला होता. हे त्या सुनेचे सासरे, हे मला ठाऊक नव्हतं. तीन नंबर रिकामा होता. मी त्यांना तिथं बसवलं, निकालाची साइट लावली, नंबर टाकला आणि पान उघडेपर्यंत प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढायला गेले.

निकालाच्या आधी एक जाहिरातीची खिडकी आपोआप उघडली. त्या काळी अशा खिडक्या फार उघडायच्या. ती होती त्याच लग्नाच्या साइटची, आणि साइटनं आपलं गिऱ्हाईक ओळखलं. फोटो वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होता. आधी कपाळ, मग डोळे. मी कागद हातात घेऊन वळले तोवर हनुवटीपर्यंत आला होता.

"ही आमची सून हाय," बाबा म्हणाले. "हिचा काहून फोटू हाय इथं?"

मी खिडकी बंद केली. चुकून आला असेल, असं काहीतरी पुटपुटले. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण शेजारी नवरा-नवरीचं चित्र होतं, त्याला काय इंग्रजी लागतं! मुलगा पास झाला होता. त्यांनी निकालाचा कागद घडी करून पटक्यात खोचला आणि गेले.

मी कॉम्प्युटरला मनसोक्त शिव्या घातल्या. नाचता येईना अंगण वाकडं! चार दिवसांनी दुरुस्तीवाला आला, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, साइट आपल्या कॉम्प्युटरमध्ये एक बारीकशी चिठ्ठी ठेवून जाते, तिच्यावर एक नंबर असतो. पुढच्या वेळी तीच चिठ्ठी मागून घेते आणि तोच माणूस आलाय असं धरून चालते. तिला कुकी म्हणतात. जाहिरातवाल्या कंपन्याही दुसऱ्यांच्या पानांवरून आपापल्या चिठ्ठ्या ठेवतात. या कॉम्प्युटरवर लग्नाचं बघतात, हे त्यांनाही कळलं असेल आणि म्हणूनच नेमकी तीच खिडकी उघडली असेल, असा त्याचा अंदाज होता. मग त्यानं तीन नंबरमध्ये कुकीची यादी उघडून दाखवली. शेकड्यांनी होत्या. लोकांच्या माना वळू नयेत म्हणून मी आरडाओरड करत होते, आणि इकडे माझेच कॉम्प्युटर सगळ्यांची टिपणं ठेवून बसले होते. मला लाज वाटली.

पुढच्या बाजारी सून आली नाही, सासरे आले. पटक्याच्या टोकातून त्यांनी फोटो काढला, नवा, स्टुडिओतला.

"ह्यो लावा. त्या फोटूत रडून राहिल्यावानी दिसते."

माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांना चहा दिला आणि चिठ्ठीची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली.

"आमी बी मेंढीच्या कानाला खूण करतो, बाई. तुमच्या साइटनं तर मेंढरांच्या वाड्यालाच केली. मंग वाड्यात कोनाची बी मेंढी शिरू द्या, ज्याची खूण त्याचीच ती व्हनार."

इतक्या सोप्या शब्दांत मला दुरुस्तीवाल्यानंही सांगितलं नव्हतं. मी हसले. तेही हसले. मग म्हणाले, "लग्न आमीच लावून देऊ तिचं. लेकीवानी हाय ती. नात मातर देनार न्हाई. घरात सगळ्यांनी बसून ठरवलं. पोरगं गेलं, त्याची तेवढीच खूण हाय आमच्यापाशी."

मला त्यांचा राग आला नाही, हेच अवघड होतं.

ती आली दोन आठवड्यांनी. रडली नाही, भांडली नाही.

"ताई, दिवाळीपासून पोरीला दर महिन्याला आठ-आठ दिस माहेरी ठेवून राहिले होते. ती घरात नसली तर कसं लागतं, त्याची मामंजींना सवय व्हावी म्हनून. अजून सहा महिने पाहिजे होते. आता त्यांनी आधीच ठरवलं. मानूस एकदा ठरवून बसला की काय बोलावं?"

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "तो चौकोन मीच भरला होता."

"व्हय," ती म्हणाली. माझी समजूत काढायची तिला काही गरज वाटली नाही. "माझं नाव काढून टाका तिथून. पोरीला सोडून मी जात न्हाई."

मी नाव काढलं. साइटनं 'नक्की का?' असं दोनदा विचारलं. मग मी चारही कॉम्प्युटरमधल्या सगळ्या कुकी पुसल्या. दुसऱ्या दिवशी निम्मी गिऱ्हाइकं ओरडत आली, आमचे ईमेल उघडेनात म्हणून. कोणाला पासवर्ड आठवत होता? रोज दुकान बंद करताना पुसायचा नेम मी कॅफे बंद होईपर्यंत पाळला आणि रोज बोलणी खाल्ली.

तिनं लग्न केलं नाही. चार वर्षांनी, माझा कॅफे मोडीत निघायच्या बेतात असताना, ती मुलीला घेऊन आली. मुलगी पाचवीत होती, निवासी शाळेच्या परीक्षेचा निकाल बघायचा होता. मुलीनं स्वतः नंबर टाकला, भराभर, एकही अक्षर न चुकता. नाव यादीत होतं. म्हणजे वर्षाचे नऊ-दहा महिने मुलगी आता आईपासून लांब राहणार होती. आई बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिली.

"छापून देऊ?" मी विचारलं.

"द्या. अन् झाल्यावर पुसून टाका."

"मी रोज संध्याकाळी पुसते," मी म्हणाले.

"आत्ता पुसा," ती म्हणाली, आणि मी पुसेपर्यंत मुलीचा हात धरून माझ्या पाठीमागे उभी राहिली.