कसाईणीच्या माश्या

काचघरांच्या त्या कंपनीत तिला सगळे कसाईण म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडेही. एकवीस वर्षं तिचं काम एकच: टोमॅटो पोखरणाऱ्या अळ्यांवर सोडायला माश्या वाढवायच्या. गांधीलमाशीच्याच गोतातल्या, पण मुंगीएवढ्या. माणसाच्या वाटेला जात नाहीत, अळीला मात्र सोडत नाहीत.

नवी बाई कामाला लागली की कसाईण तिला पहिल्याच दिवशी काचेच्या बरणीसमोर बसवी. आत एक गुबगुबीत अळी आणि एक माशी. माशी मिशा आपटत येई, अळीच्या पाठीवर झेप घेई आणि बुडाची सुई खुपसे. अळी उसळे, तोंडातून हिरवं पाणी ओके, मागे वळून चावायला बघे. त्या झटापटीत एखाद्या माशीचा पाय तुटे. पण सुई आत गेली की अंडी आत गेलीच.

"आता हिचं काय होणार?" नवी विचारी.

"काही नाही. हिंडेल, थोडंफार खाईल. आतली पोरं हिला आतून पितील, पण जीव जाईल अशा जागी तोंड लावणार नाहीत. आठ-दहा दिवसांनी कातडी फाडून बाहेर येतील. तोवर बया जिवंत."

नव्या बाईला त्या दिवशी डबा जात नसे, आणि कसाईण पोट धरधरून हसे.

तिची स्वतःची एक रीत होती. माशी अळीला शोधते ती वासावर: कुरतडलेल्या पानाचा वास, अळीच्या लेंड्यांचा वास. पण कंपनीत अळ्या वाढायच्या डब्यातल्या पिठावर, आणि माश्या जन्मायच्या त्या अळ्यांतून. त्यांना टोमॅटोच्या पानाची काय ओळख? म्हणून सोडायच्या आदल्या दिवशी ती प्रत्येक नळीत त्याच काचघरातलं एक कुरतडलेलं पान आणि चिमूटभर लेंड्या टाकी. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

नवा साहेब आला तो पांढरे हातमोजे घालूनच.

"नळीत विष्ठा? शी! उद्यापासून सगळं उकळून, धुऊन."

"साहेब, वासाशिवाय त्या आंधळ्या आहेत."

"मावशी, तुम्ही मला शिकवू नका."

झालं. बाईचा राग मुळात नाकावर. दुसरी कुणी असती तर तिनं मान डोलावून गुपचूप लेंड्या टाकल्या असत्या. हिनं नळ्या लख्ख घासल्या, तशाच पाठवल्या आणि म्हणाली, पडू दे तोंडावर!

पडला. चार नंबरच्या काचघरात सोडलेल्या माश्या उजेडाकडे उडाल्या, छताच्या काचांवर डोकी आपटून मेल्या. खाली अळ्यांनी टोमॅटोला भोकं पाडून आत लगदा केला. साहेबानं फर्मान काढलं: विष मागवलंय, दहा दिवसांनी सकाळी फवारणी, दुपारी बायका परत कामावर.

कसाईण मनातल्या मनात खूश झाली. घरी गेली तर त्याच काचघरांत कामाला असलेली लेक म्हणाली, "आई, मला उद्यापासून चार नंबरला टाकलंय."

लेकीला सातवा महिना. मागच्या फवारणीनंतर तिथेच एका बाईचं पोट पडलं होतं. कसाईणीनंच तिला उचलून बाहेर आणलं होतं, दोन्ही हात कोपरापर्यंत रक्तानं भिजले होते.

"तू रजा टाक."

"रजा टाकली की जागा गेली. तुला माहीत नाही का?"

त्या रात्री बाईला झोप लागली नाही. सकाळी तिनं पुढच्या पिढीसाठी राखलेल्या माश्या कुणालाही न विचारता काढल्या. चार नंबरातल्या अळ्या पानांसकट ओरबाडल्या, चुरडल्या, तो हिरवा चिखल नळ्यांत कोंबला आणि दुसऱ्या दिवशी झाकणं उघडली. माश्या वर उडाल्याच नाहीत. थेट पानांत घुसल्या. एकेका अळीवर दोन-दोन, तीन-तीन तुटून पडल्या. "खुपस! अजून खुपस!" बाई दातओठ खात म्हणत होती.

फवारणीच्या सकाळी अळ्या पानांवर हलत होत्याच.

"काय दिवे लावले तुमच्या माश्यांनी?" साहेब म्हणाला. "चला, फवारा."

फवारणीवाला पाठीवर टाकी घेऊन पुढे झाला. कसाईणीनं त्याच्या हातातली फवाऱ्याची नळी असा हिसका देऊन ओढली की तो टाकीसकट आडवा झाला. मग तिनं साहेबाचं मनगट धरलं, पांढऱ्या हातमोज्यावर अळी ठेवली आणि नखानं तिचं पोट टराटरा फाडलं. आतून माश्यांची पांढरी पोरं वळवळत बाहेर पडली. तिनं दुसरी फाडली. तिसरी. चौथी. साहेब बाजूला जाऊन भडाभडा ओकला.

"नको फवारणी," तोंड पुसत तो म्हणाला.

कसाईण विजयानं दाराकडे वळली. दारात लेक उभी होती.

"आई, पहिल्या वेळी लेंड्या का नाही टाकल्यास?"

"साहेब नको म्हणाला."

"तू कधीपासून कुणाचं ऐकायला लागलीस?"

"मला काय ठाऊक, तुला इथे टाकतील म्हणून!"

लेक पुढे आली. "म्हणजे दुसरीचं पोट पडलं असतं तर तुला चाललं असतं."

कसाईणीचा हात लेकीच्या पोटाकडे गेला. लेकीनं तो जोरात झटकला आणि ती आत कामाला निघून गेली.