पाण्याला धीट माणूस आवडतो

शिरगावात सून म्हणून आले, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात माझ्या डोळ्यांत भरलं ते चुलतसासऱ्यांचं, नानाकाकांचं, भिणं. सकाळी चहाच्या आधी ते तळ्याच्या बांधावर जायचे, चपला काढून ओल्या मातीवर उभे राहायचे आणि माती पायाखाली हलतेय का ते चाचपायचे. आम्ही बायका हसायचो. ते म्हणायचे, "हसा. पाण्याला धीट माणूस आवडतो. माझ्यासारख्याला ते विचारत पण नाय."

हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. तळं वर आणि आमचं घर बांधाच्या खाली. घरात सासरे लकव्याने अंथरुणाला खिळलेले. जादा पाणी जायचा सांडवा गाळाने बुजलेला, आणि बांध कापावा तर तो सगळाच वाहून जायचा. तेव्हा तारापूरला वीजघराचं काम निघालं होतं. काका तिथे मुकादम. तिथली युक्ती पाहून त्यांनी बांधावरून लोखंडी पाईप टाकला, एक तोंड तळ्यात आणि दुसरं खाली ओढ्यात. दोन्ही तोंडांना बुचं मारून माथ्यावरच्या भोकातून पाईप घागरींनी भरायचा, भोक बंद करून बुचं काढायची, की पाणी आपणहून बांध चढायचं. "फक्त वारा शिरू देऊ नका," काका बजावायचे. "वारा शिरला की पाईप मेला."

नारळी पौर्णिमेच्या दुपारी पाऊस कोसळत होता आणि पाईप एकाएकी मुका झाला. तळं बांधाच्या काठाला टेकलं. काका तेवढे घरी, बाकी पुरुषमाणसं कामावर गेलेली, सासऱ्यांना उचलणार कोण?

काकांना पोहता येत नव्हतं. त्यांनी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक बांधावरच्या भेंडीच्या जाड बुंध्याला. ओठ पांढरे पडले होते. "पाईपाच्या वरच्या तोंडात कायतरी अडकलंय. सूनबाई, खालचं बूच मार, मंग ओढ थांबून ते सुटेल. मी हाक मारीन तेवा काढ."

मी बांधाखाली उतरले. बांध फुटला असता तर पहिली मीच गेले असते. बूच ठोकलं आणि वर कान लावून बसले. पावसाशिवाय काही ऐकू येईना. काका बुडाले, असंच मी धरून चालले होते.

"काढ!"

बूच निघालं तशी पाण्याची धार मला आडवी करून गेली. धडपडत वर आले. काका चिखलात बसले होते, दातांवर दात वाजत होते आणि मांडीवर सोललेला नारळ होता. सासूबाई जवळ उभ्या.

"भावजी, मीच सोडला तो," त्या रडत म्हणाल्या. "तळं शांत व्हावं म्हणून."

काकांनी नारळ हातात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "वयनी, सकाळी मी पण एक सोडलाय. आता यो तुमचा का माझा, कोण सांगणार?"

काका आता नाहीत. ते खरं बोलले की वहिनीला सांभाळून घेतलं, हे विचारायचं माझं राहूनच गेलं.